गुडघे कुणापुढे टेकायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दरवर्षी मनापासून उपवासकाळ, म्हणजे पुनरुत्थान रविवारच्या (ईस्टरच्या) आधीचे चाळीस दिवस, पाळता. भस्म बुधवारी कपाळावर राख घेता, ठरवलेले पदार्थ सोडता, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती चुकवत नाही. यंदा मात्र मन लागत नाही. नोकरीत तुमच्या हाताखाली वीस-पंचवीस माणसे आहेत, धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, समितीवरही तुम्ही आहात आणि दोन्हीकडची खुर्चीची ओढाताण पाहून तुम्ही विटला आहात. त्यात तुमचेच श्रद्धावंत मित्र सांगतात, की श्रद्धा टिकवायची तर आपली बाजू घेणारा खंबीर सत्ताधारी हवा, मग त्याचे बाकीचे वागणे कसेही असो. तुम्ही विचारता, ख्रिस्ती माणसाने सत्तेपासून लांब राहावे, की ती हातात घेऊन चांगले काम करावे? आणि या चाळीस दिवसांत नेमके करायचे काय?

धर्मगुरू म्हणून मी तीस वर्षांहून अधिक काळ उपवासकाळातल्या रिट्रीट, म्हणजे प्रार्थना आणि मननाची शिबिरे, घेत आलो आहे. हा प्रश्न दरवर्षी येतो. बहुधा शेवटच्या दिवशी, बाकीचे लोक उठून गेल्यावर, हळू आवाजात. तुम्ही तो उघड विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी अरण्यातल्या परीक्षेचे शुभवर्तमान वाचले जाते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान तिसऱ्या, शेवटच्या परीक्षेत येशूला उंच डोंगरावर नेतो, जगातली सगळी राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवतो आणि म्हणतो, पाया पडून मला नमन कर, हे सगळे तुझे. लूक हीच परीक्षा दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो आणि सैतानाच्या तोंडी आणखी एक वाक्य घालतो : हा सगळा अधिकार माझ्याकडे सोपवलेला आहे, मला वाटेल त्याला मी तो देतो.

इथे एक गोष्ट आपण नेहमी घाईने ओलांडून जातो. येशू राज्यांना वाईट म्हणत नाही. ‘मला तुझे वैभव नको’ असेही म्हणत नाही. राज्ये कुणाची, यावर वादही घालत नाही. तो फक्त किमतीकडे बोट दाखवतो. अनुवादाच्या पुस्तकातले वचन सांगतो, की नमन एका परमेश्वरालाच, आणि बोलणे तिथेच संपवतो.

आता विचार करा, ती राज्ये हातात आली असती तर येशूने काय केले असते? उपाशी माणसांना जेवू घातले असते, करांच्या ओझ्याने वाकलेल्यांना मोकळे केले असते, आंधळ्यापांगळ्यांना न्याय दिला असता. म्हणजे ‘सत्ता घे आणि चांगले काम कर’ हा युक्तिवाद त्या डोंगरावरही होताच, आणि तो करायला येशूइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. शिवाय पौल फिलिप्पैकरांना लिहितो, की येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकला जाणार आहे. जे शेवटी त्याचेच होणार होते, तेच सैतान त्याला देऊ करत होता. फरक इतकाच, की मध्ये क्रूस नव्हता. तिसरी परीक्षा मला म्हणूनच लोभाची वाटत नाही. ती आडवाटेची आहे. चांगले काम लवकर, त्रास न होता, पार पाडून देतो, फक्त एकदा वाक.

आपल्या भाषेत ‘गुडघे टेकणे’ याचे दोन अर्थ आहेत. प्रार्थनेत गुडघे टेकतात आणि हरलेला माणूसही गुडघे टेकतो. तुमच्या प्रश्नाकडे मी या दोन अर्थांच्या मधून पाहतो. सत्ता हातात असणे वाईट नाही. तिच्यासाठी गुडघे टेकणे वाईट. आणि ते टेकले गेले, हे टेकणाऱ्याला त्या क्षणी जवळजवळ कधीच कळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धर्मगुरू होऊन मला थोडीच वर्षे झाली होती. ज्या धर्मग्रामात मी होतो तिथे मुलांसाठी एक सभागृह अर्धवट बांधून पडले होते. एका परवानगीचा कागद दोन वर्षे अडकला होता. एका लोकप्रतिनिधीने फोन केला आणि आठवड्यात कागद हातात आला. मला इतका आनंद झाला, की रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वेदीवरून मी देवाचे आभार मानले आणि लगेच त्यांचे, नाव घेऊन. पुढे झावळ्यांच्या रविवारी ते आले, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी मागे बसायला सांगितले. याकोबाच्या पत्रात नेमका हाच प्रसंग आहे : सोन्याची अंगठी घातलेल्याला बरी जागा द्यायची आणि गरिबाला ‘तिकडे उभा राहा’ म्हणायचे. मी त्या पत्रावर प्रवचने दिली होती. त्या सकाळी मला ते आठवले नाही.

पुनरुत्थान रविवारनंतर चार मजूर माझ्याकडे आले. त्या लोकप्रतिनिधीच्या जवळच्या ठेकेदाराने त्यांची मजुरी बुडवली होती. एक पत्र लिहा, नाहीतर निदान आमच्याबरोबर चला, इतकेच त्यांचे मागणे होते. मी म्हणालो, ‘पाहू.’ मनात हिशेब चालू होता : आता बोललो तर सभागृहाचे पुढचे काम अडेल, नुकसान मुलांचे होईल. पत्र मी लिहिले नाही. त्यांच्यातले एक जण नंतर मिस्साला यायचे बंद झाले. बऱ्याच वर्षांनी मी त्यांना शोधून काढले आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘फादर, पैसे बुडाले ते बुडाले. पण त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे बघितलंही नाही. सगळा वेळ खिडकीकडे बघत होतात.’

मला कुणीही ‘माझी उपासना कर’ म्हटले नव्हते. लाच नव्हती, धमकी नव्हती. एक चांगले काम होते, एक उपकार होता, आणि खिडकीकडे वळलेली माझी नजर होती. तेव्हापासून रिट्रीटला येणाऱ्यांना मी ‘तुम्हाला सत्तेचा मोह आहे का’ असे विचारत नाही. त्याला सगळे ‘नाही’ म्हणतात. मी विचारतो, अलीकडे कुणाच्या डोळ्याला डोळा देणे तुम्ही टाळलेत?

चाळीस दिवसांचा हा काळ आणि सत्ता यांचे नाते किती जुने आहे, ते सांगण्यासारखे आहे. कपाळावरची राख बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात. म्हणजे ज्या झावळ्या हलवून आपण राजाचा जयजयकार केला, त्यांचीच राख होऊन परत आपल्या कपाळावर येते. राजा असो की झाडूवाला, बोट तेच, शब्द तेच : तू माती आहेस आणि मातीला मिळशील.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. उपवासकाळाचा चाळीस दिवस म्हणून उल्लेख करणाऱ्या अगदी जुन्या लेखांपैकी एक म्हणजे ३२५ साली निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा पाचवा नियम. हा नियम उपवासात काय खावे याबद्दल नाही. बिशपांनी ज्यांना मंडळीबाहेर काढले, त्यांना खरोखर दोषामुळे काढले की बिशपांच्या कोत्या मनामुळे, भांडखोरपणामुळे, याची चौकशी करण्यासाठी प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र यावे, असे तो सांगतो. आणि त्यातली एक सभा चाळीस दिवसांच्या आधी घ्यावी, म्हणजे मनातली किल्मिषे जाऊन देवाला शुद्ध अर्पण करता येईल. उपवास सुरू करण्याआधी अधिकाऱ्यांनी आपल्या अधिकाराचा हिशेब द्यायचा, अशी ही कल्पना! आपण उपवासात काय सोडायचे याच्या याद्या करतो. त्या बिशपांपुढे पहिला प्रश्न होता, की रागाच्या भरात मी कुणाला दाराबाहेर काढले?

आणि ही परिषद बोलावली कुणी? सम्राट कॉन्स्टंटाइनने. त्याआधी बारा वर्षांपूर्वी, ३१३ साली, ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करण्याची मोकळीक मिळाली होती. निकेयाला जमलेल्या काही बिशपांच्या अंगावर छळाचे व्रण होते असे सांगतात. ज्या साम्राज्याने ते केले, त्याच्याच प्रमुखाने त्यांना सन्मानाने बोलावले. त्यांना काय वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. कृतज्ञता वाटली असेल, आणि ती खोटी नव्हती. अडचण तिथूनच सुरू होते. छळ करणाऱ्यापुढे न झुकणे अवघड असते. उपकार करणाऱ्यापुढे न झुकणे त्याहून अवघड.

मिलानचे बिशप अँब्रोझ यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ३९० साली थेस्सलनीका शहरात जमावाने एका सेनाधिकाऱ्याचा खून केला आणि सम्राट थिओडोसियसच्या हुकुमावरून सैनिकांनी तिथल्या हजारो लोकांची कत्तल केली. अँब्रोझने सम्राटाला पत्र लिहिले : तुम्ही प्रायश्चित्त केल्याशिवाय तुमच्या उपस्थितीत मी मिस्सा अर्पण करू शकत नाही. सम्राटाने राजवस्त्रे उतरवून लोकांसमोर प्रायश्चित्त केले. सम्राट ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) आत आहे, तिच्या वर नाही, हे अँब्रोझचेच वाक्य. ही कथा प्रवचनात सांगितली, की लोक खूश होतात. मीही ती वर्षानुवर्षे सांगत आलो.

पण त्याच्या दोनच वर्षे आधीची गोष्ट आपण सांगत नाही. ३८८ साली युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने यहूद्यांचे सभास्थान जाळले. थिओडोसियसने हुकूम दिला, की तिथल्या बिशपने ते आपल्या खर्चाने परत बांधून द्यावे. हुकूम न्याय्य होता. याच अँब्रोझने त्याला विरोध केला, आणि सम्राट तो मागे घेण्याचे वचन देईपर्यंत चर्चमध्ये मिस्सा पुढे नेली नाही. माणूस तोच, वेदी तीच, सम्राट तोच. एकदा त्या बळाने कत्तलीत मेलेल्यांची बाजू घेतली, एकदा जाळपोळ करणाऱ्यांची. अँब्रोझ संत आहेत आणि मी त्यांना संत मानतो. पण सत्तेपुढे निर्भय असणे एवढ्यावरून माणूस बरोबर ठरत नाही, हे मला या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्यावर कळले. आपण निर्भय कुणासाठी होतो, हेही विचारावे लागते. ‘आपल्या’ लोकांसाठी तर सगळेच होतात.

म्हणून तुमच्या मित्रांचा मुद्दा मी हलका समजत नाही. भीती खरी असू शकते. दुबळ्या समाजाला आधाराची गरज असते, आणि कायद्याने संरक्षण मागणे यात काहीच गैर नाही; पौलाने स्वतःचे रोमी नागरिकत्व पुढे केले होते आणि कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली होती. पण ‘त्याचे बाकीचे वागणे कसेही असो’ हे जे शेपूट तुमचे मित्र जोडतात, तिथे माझे पाऊल अडते. याला आधार म्हणून बहुधा यहूद्यांना बंदिवासातून सोडणाऱ्या पर्शियाच्या कोरेश राजाचे उदाहरण देतात. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव त्या परक्या राजाला ‘अभिषिक्त’ म्हणतो, हे खरे आहे. पण पुढच्याच काही ओळींत दोनदा म्हटले आहे, की तू मला ओळखत नसताना. देव कुणालाही कामाला लावू शकतो. ते त्याचे काम. त्यावरून आपण त्या माणसाला सच्चेपणाचा दाखला देऊ शकत नाही, आणि त्याने तुडवलेल्यांकडे पाठ फिरवायची परवानगी तर मुळीच मिळत नाही.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) योहानाचा दुःखसहनाचा वृत्तान्त वाचताना एका वाक्यापाशी माझा आवाज दरवर्षी अडखळतो. रोमी सुभेदार पिलात विचारतो, तुमच्या राजाला मी क्रुसावर देऊ काय? मुख्य याजक उत्तर देतात, कैसराशिवाय आम्हांला कोणी राजा नाही. देव हाच आमचा राजा, असे आयुष्यभर गायलेल्या तोंडांतून हे वाक्य आले. त्यांचे कारण योहानाने आधीच, अकराव्या अध्यायात, सांगून ठेवले आहे : रोमी येतील आणि आपले पवित्रस्थान व राष्ट्र हिरावून घेतील. श्रद्धा वाचवण्यासाठीच त्यांनी ते केले. या ओळींचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके यहूद्यांवर अनन्वित अत्याचार केले आहेत, ते आपले पाप आहे आणि ते असे ओझरते सांगून फिटणारे नाही. ते वाक्य याजकांचे आहे, म्हणजे माझ्यासारख्यांचे. वेदीजवळ उभे राहणाऱ्याने ते आपल्याच तोंडात ऐकावे.

तुमच्या मित्रांना एकच प्रश्न विचारून पाहा. या सत्ताधाऱ्याने उद्या आपल्यावर मेहेरबानी करणे थांबवले, तर त्याच्याबद्दल आज जे बोलता तेच उद्याही बोलाल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आजचे बोलणे श्रद्धेतून आलेले नाही.

मग लांबच राहावे का? माझ्याकडे येणारी बरीच भली माणसे याच निष्कर्षाला येतात. समितीचा राजीनामा द्यावा, बढती नाकारावी, आपण बरे आणि आपली प्रार्थना बरी. मला हे पटत नाही. लांब राहणाऱ्याचे चित्रही दुःखसहनाच्या वृत्तान्तातच आहे, मत्तयाच्या. ज्याच्याकडे सोडण्याचा अधिकार होता, ज्याला आरोपी निर्दोष आहे हे कळले होते, त्याने पाणी मागवून हात धुतले. या पंतय पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. नंतरच्या काळात कुणीतरी तो दगड तिथल्या नाट्यगृहात पायरीला वापरला होता. दर रविवारी श्रद्धेच्या अंगीकारात आपण येशू आणि मरियेखेरीज एकाच माणसाचे नाव घेतो, ते याचे. ज्याने आपल्या अधिकाराचे काहीच करायचे नाही असे ठरवले, तो माणूस.

आणि त्याच संध्याकाळी त्याच पिलाताच्या दारात आणखी एक जण येतो. अरिमथाईचा योसेफ. हा यहूद्यांच्या न्यायसभेचा प्रतिष्ठित सदस्य होता आणि लूक सांगतो, की बाकीच्यांच्या निर्णयाला त्याची संमती नव्हती. मार्क म्हणतो, तो धैर्य करून पिलाताकडे गेला आणि त्याने येशूचे शरीर मागितले. साध्या माणसाला ते मिळाले नसते. पद होते म्हणून दार उघडले. आणि ते पद त्याने कुणासाठी खर्च केले? देहदंड झालेल्या, मेलेल्या एका माणसासाठी, ज्याच्याकडून परत काही मिळण्याची आशा नव्हती. वाटेत त्याची प्रतिष्ठा जाणार होती. प्रेत हाताळल्याने सणाच्या ऐन तोंडावर विटाळही होणार होता. उपवासकाळात योसेफावर प्रवचन फारसे कुणी देत नाही. मला तर वाटते, खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाने हे चाळीस दिवस त्याच्याबरोबर काढावेत.

आपल्या काळातला असा माणूस हवा असेल तर ऑस्कर रोमेरो. १९७७ च्या फेब्रुवारीत ते मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले, तेव्हा सत्ताधाऱ्यांना हायसे वाटले होते; हा शांत, पुस्तकी माणूस, त्रास देणार नाही. महिनाही उलटला नाही तोच, १२ मार्चला, त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांना दोन साथीदारांसह गोळ्या घातल्या गेल्या. रोमेरोंनी पुढच्या रविवारी धर्मप्रांतातल्या सगळ्या मिस्सा रद्द करून सगळ्यांना एका मिस्साला कॅथेड्रलमध्ये बोलावले, आणि खुनाचा तपास होईपर्यंत सरकारी समारंभांना जायचे बंद केले. दोन्ही कृती नीट पाहा. त्यांनी पद सोडले नाही. पदाचा जो भाग सत्तेची शोभा वाढवत होता तो काढून घेतला, आणि जो भाग लोकांना आवाज देत होता तो वाढवला. तीन वर्षांनी, २३ मार्च १९८० ला, उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, त्यांनी प्रवचनात सैनिकांना सांगितले, की देवाच्या नियमाविरुद्धचा हुकूम पाळायला कुणीही बांधील नाही. ही दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात मिस्सा चालू असतानाच त्यांना गोळी घातली गेली. २०१८ साली ते संत म्हणून घोषित झाले.

तुम्ही आणि मी रोमेरो नाही. आपल्यापुढे बंदूक येत नाही, रजेचा अर्ज येतो. म्हणून आता या चाळीस दिवसांत करायच्या गोष्टी.

भस्म बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. त्यात देव म्हणतो, तुम्ही उपासाच्या दिवशी आपलाच धंदा पाहता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. तेवढाच अध्याय घेऊन एका संध्याकाळी बसा आणि कागदावर नावे लिहा : माझ्या ‘हो’ किंवा ‘नाही’वाचून कुणाकुणाचे अडते? हाताखालची माणसे, घरातली माणसे, समितीकडे मदत मागायला येणारी कुटुंबे. सत्ता ओळखायची एक सोपी खूण मला सापडली आहे : कोण कुणासाठी ताटकळते. मोठा माणूस वाट पाहत नाही, तो पाहायला लावतो. तुमच्या टेबलावर कुणाची सही आठ दिवस पडून आहे? कुणाचा फोन तुम्ही मुद्दाम उद्यावर ढकलता? उपवासकाळात गोड सोडण्याऐवजी माणसांना ताटकळत ठेवणे सोडून पाहा. दुसऱ्या आठवड्यात हात शिवशिवायला लागतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. गोड सोडताना इतका त्रास होत नाही.

मग निकेयाच्या बिशपांसारखे एक करा. गेल्या वर्षभरात चिडून, दुखावून किंवा कुणाला धडा शिकवायचा म्हणून घेतलेला तुमचा एक निर्णय बाहेर काढा आणि तुमच्या हाताखाली नसलेल्या एखाद्या माणसापुढे ठेवा. तो चूक म्हणाला तर बदला, आणि ज्याच्यावर तो निर्णय आदळला त्याला स्वतः जाऊन सांगा. निरोप पाठवू नका. हे चाळीस दिवसांत एकदा झाले तरी पुष्कळ झाले. बैठकीत शेवटचा शब्द आपला नसावा, समितीची मुदत संपली की जागा सोडावी, हिशेब उघडे ठेवावेत, हे तुम्हाला सांगायला नको.

सत्तेवर असलेल्यांसाठी रोज प्रार्थना करा, नावे घेऊन, आणि तुम्हाला न आवडणाऱ्याचे नाव आधी घ्या. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, स्तुती करायला नाही. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका. आणि या काळात निदान एकदा, आपल्या धर्माच्या नसलेल्या कुणावर अन्याय होत असेल तिथे, जे तोंड आपल्या लोकांसाठी उघडता ते त्याच्यासाठी उघडा. कॅलिनिकमचे कर्ज अजून आपल्यावर आहे.

एका गोष्टीने तुम्ही गोंधळाल, म्हणून आधीच सांगतो. ११ एप्रिल २०१९ ला, उपवासकाळातच, पोप फ्रान्सिस यांनी दक्षिण सुदानच्या एकमेकांशी लढलेल्या नेत्यांना व्हॅटिकनमध्ये रिट्रीटसाठी बोलावले होते. शेवटी ब्याऐंशी वर्षांचे, पायांनी त्रासलेले पोप कष्टाने खाली वाकले आणि त्यांनी एकेकाच्या बुटांचे चुंबन घेतले. मला काही जणांनी रागाने विचारले, हे सत्तेपुढे गुडघे टेकणे नाही का? मी म्हणालो, त्यांनी मागितले काय ते बघा. स्वतःसाठी काही नाही, ख्रिस्तसभेसाठी सवलत नाही; शांततेत राहा, एवढेच. सैतानापुढे वाकणारा काहीतरी घ्यायला वाकतो. त्या देशातला हिंसाचार त्या एका कृतीने थांबला नाही, हेही खरे आहे. म्हणून ती कृती वाया गेली असे मला वाटत नाही.

पुण्य गुरुवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी मी बारा जणांचे पाय धुतो. योहान सांगतो, की पित्याने आपल्या हाती सर्व काही दिले आहे हे जाणून येशू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि गंगाळात पाणी ओतले. डोंगरावर जे नाकारले होते ते सगळे आता हातात होते, आणि त्या हातांनी त्याने काय धरले, तर दगा देणाऱ्या शिष्याचे, यहूदाचेही पाय. दरवर्षी मी बारा वेळा खाली बसतो आणि उठतो. टाचांना भेगा असतात, कुणाच्या बोटाला पट्टी असते, कुणी लाजून पाय मागे ओढतो. वयामुळे आता सातव्या-आठव्या माणसापाशी मला उठता येत नाही. मग ज्याचे पाय धुतले तोच ओला पाय तसाच ठेवून मला हात देतो.

समितीच्या सदस्यांना त्या बारा जणांत बसायचे आमंत्रण असते, तुम्हालाही असेल. यंदा ती जागा तुमच्या कागदावरच्या नावांपैकी कुणाला द्या आणि तुम्ही धर्मगुरूंच्या मागून पाण्याचा जग घेऊन चाला. पाणी कोमट आहे ना, तेवढे आधी हात घालून बघा.